नग एक, डोक्यासकट

"ताणा जरा, मध्ये पोक आलाय," असं म्हणून हेडक्लार्कनी शेपटीकडचं टोक ओढलं. डोक्याकडचं टोक माझ्या चिमट्यात होतं आणि मधला सगळा ऐवज वऱ्हांड्यात ओल्या फडक्यांवर पसरला होता. मी म्हटलं, साहेब, हा जंत सत्तर वर्षं स्पिरिटमध्ये आहे, त्याला ताण सोसत नाही. ते म्हणाले, वहीत सहा मीटर चाळीस सेंटिमीटर लिहिलंय, टेपवर सहा तेरा भरतोय, वरचे सत्तावीस कुणी नेले म्हणून कमिटीला सांगू? मी म्हटलं, स्पिरिटमध्ये वस्तू आकसते. ते म्हणाले, आकसल्याची वहीत नोंद नाही. आणि त्यांनी पुन्हा ओढलं. जंताचे चार तुकडे झाले.

दादा, पत्राची सुरुवात अशी करत नाहीत हे मला माहीत आहे. आधी नमस्कार, मग खुशाली, मग जंत. पण तुझी पत्र वाचायची रीत मला ठाऊक आहे. नमस्कार आणि खुशाली एवढं वाचून तू पत्र पिठाच्या डब्याखाली सरकवतोस आणि वहिनींना सांगतोस, सगळे मजेत आहेत. म्हणून नमस्कार या वेळी आत ठेवला आहे. तो इथे घ्यावा: तुला वाकून नमस्कार, वहिनींना नमस्कार, चिमणीला पापा. तुझी प्रकृती उत्तम असेल. दोघांचं जेवणाऱ्याची असायलाच हवी. वहिनींची कंबर कशी आहे? चिमणी कशी आहे? (या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'मजेत' असं चालणार नाही. तारीख-वार लिही.) फोन का केला नाही, असं विचारशील. मागच्या आठवड्यात तीनदा केला. तिन्ही वेळा तू 'ठेव, कढई तापलीय' म्हणालास. तुझ्या हॉस्टेलची कढई चोवीस तास तापलेली असते हे बघून मला त्या मुलांचा हेवा वाटतो.

तर आमची खोली. तू तिला बाटल्यांचं दुकान म्हणतोस आणि मला बाटल्या घासणारा. मेडिकल कॉलेजच्या दप्तरात मी नमुनारक्षक आहे, पण ते जाऊ दे, घासतो मी बाटल्याच. तीनशे बारा बाटल्या आहेत. प्रत्येकीत कुणाच्या तरी पोटातून, रक्तातून नाहीतर कातडीखालून निघालेला एकेक पाहुणा आहे. शिवाय एक हत्तीपायाचा प्लास्टरचा पाय आहे, ज्यावर विद्यार्थी डबा ठेवतात. एक मेणाचा डास आहे, मांजराएवढा, त्याचा एक पंख मोडला आहे. परीक्षेच्या आधी तीन दिवस खोलीत गर्दी असते. बाकीचं वर्ष मी आणि हे तीनशे बारा एकमेकांकडे बघत बसतो. कुणी बोलत नाही. नोकरी म्हणून मला याबद्दल तक्रार नाही. तुझ्या स्वयंपाकघरात साठ मुलं ताटं वाजवतात. इथे कुणी काही वाजवत नाही.

दाराशेजारी भिंतीवर एक मोठं चित्र आहे. ते तू पाहिलं आहेस, पण पाहिलं म्हणजे डुकराचं कौतुक केलंस आणि पुढे गेलास. सगळे तसंच करतात. चित्रकाराने डुक्कर फार मन लावून काढलं आहे, पापण्यासुद्धा आहेत. शेजारी एक गुबगुबीत माणूस जेवायला बसला आहे. डुकरापासून माणसाच्या तोंडापर्यंत एक जाड लाल बाण आहे: कच्चं मांस खाल्लं की त्यातली गाठ पोटात जाते आणि तिचा जंत होतो. माणसापासून डुकरापर्यंत दुसरा जाड बाण आहे: माणूस उघड्यावर बसतो, डुक्कर तिथे चरतं, जंताची अंडी त्याच्या पोटात जातात. असा हा दोन घरांमधला जुना व्यवहार. शास्त्रात जंत ज्याच्या पोटात राहतो त्याला यजमान म्हणतात. (आल्यागेल्याला जेवायला घातल्याशिवाय सोडत नाहीस म्हणून तू गावभर मिरवतोस. शास्त्राला तुझी नोंद आहे.) आणि एक तिसरा बाण आहे. तो तुटक आहे, फिकट निळा, माणसाच्या हातापासून निघून दुसऱ्या माणसाच्या तोंडाकडे जातो. रंग उडाल्यामुळे तो कुणाला दिसत नाही. मला दिसतो, कारण तिथली धूळ मी पुसतो. त्याच्याबद्दल पुढे लिहीन.

आता कमिटी. कॉलेजची मान्यता चालू ठेवायची की नाही हे बघायला दर पाच वर्षांनी तीन प्राध्यापक येतात. ते येण्याआधी प्रत्येक बाटली उघडायची, आतला नमुना धुवायचा, स्पिरिट बदलायचं, नमुना पुन्हा काचेच्या पट्टीवर गुंडाळून बारीक दोऱ्याने बांधायचा. हे मी बावीस वर्षं करतो आहे आणि आजवर एकाही जंताने तक्रार केलेली नाही. पण या वेळी नवे हेडक्लार्क आले. ते आधी फर्निचरच्या विभागात होते. तिथे टेबल-खुर्च्या मोजून वहीशी ताडतात. त्यांनी आमची वही उघडली, 'लांबी' असा रकाना पाहिला, आणि त्यांचे डोळे भरून आले असावेत. टेप काढली. मेणाचा डास मोजला. प्लास्टरचा पाय मोजला. मग बाटली क्रमांक एक: पट्टकृमी, मोठा, नग एक, डोक्यासकट. पुढचं तू वाचलंसच.

तुकडे झाले याचं मला फारसं वाटलं नाही. तुकडे जोडता येतात, म्हणजे पट्टीवर असे गुंडाळता येतात की जोड मागे जातो. खरी अडचण डोक्याची. दादा, एवढ्या लांबलचक प्राण्याचं डोकं टाचणीच्या डोक्याएवढं असतं. त्याला तोंड नाही, डोळे नाहीत. चार चूषकं आणि भोवती आकड्यांच्या दोन रांगा, म्हणजे फक्त धरून राहायची सोय. बाकी सगळं शरीर म्हणजे एकामागे एक हजारभर डबे, आणि शेवटच्या प्रत्येक डब्यात चाळीस-पन्नास हजार अंडी. (आपल्या ओळखीच्या काही मोठ्या माणसांची रचना अशीच आहे, नावं घेत नाही.) पण ते डोकं जोवर आतड्याला धरून आहे, तोवर खालचा सगळा भाग तुटून गेला तरी तीन महिन्यांत पुन्हा तेवढाच वाढतो. म्हणून वहीत 'डोक्यासकट' लिहितात. डोकं नसलेला जंत म्हणजे नुसती फीत. आणि ते डोकं हेडक्लार्कच्या दुसऱ्या ओढीला माझ्या चिमट्यातून उडालं.

आम्ही दोघं गुडघ्यांवर बसलो. माझ्या हातात भिंग, त्यांच्या हातात टेप (का, ते त्यांना विचार). वऱ्हांडा मोठा आहे आणि फरशी ठिपक्यांची आहे, पांढरे ठिपके, टाचणीच्या डोक्याएवढे. हेडक्लार्क दर दोन मिनिटांनी 'सापडलं' म्हणत आणि फरशीच्या एखाद्या ठिपक्याला नखाने खरवडत. तासाभराने सफाईवाल्या मावशी आल्या. काय हरवलं म्हणून त्यांनी विचारलं. हेडक्लार्कनी रुबाबात सांगितलं, डोकं. मावशी म्हणाल्या, "ते दिसतंच आहे. पण मी अर्धा वऱ्हांडा पुसला की मघाशीच." बादलीतलं पाणी मोरीत गेलं होतं. सत्तर वर्षं जपलेलं डोकं फिनेलबरोबर गेलं.

कमिटी दुसऱ्या दिवशी अकराला येणार होती. मी म्हटलं, खरं सांगून टाकू. हेडक्लार्क म्हणाले, खरं सांगायला वहीत रकाना नाही. मग त्यांनी डब्यातून एक पांढरा तीळ काढला. (डब्यात तीळ का होते हे मी विचारलं नाही, प्रत्येकाचं आयुष्य असतं.) तो त्यांनी गोंदाने मानेच्या तुकड्याला चिकटवला, त्यावर बॉलपेनने चार टिंबं काढली, आणि थोडं दूर जाऊन मान तिरकी करून पाहिलं. डोकं तिपटीने मोठं झालं होतं. एकूण चेहऱ्यावर बुद्धीची झाक आली होती.

कमिटीतल्या पहिल्या दोघांनी बाटलीकडे पाहून माना डोलावल्या आणि 'उत्तम स्थितीत' असं लिहून घेतलं. तिसऱ्या एक वयस्कर बाई होत्या, बुटक्या, पर्समध्ये स्वतःचं भिंग बाळगणाऱ्या. त्या बाटलीजवळ बराच वेळ थांबल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "हा तीळ पॉलिश केलेला आहे की बिनपॉलिशचा?"  हेडक्लार्कनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हे खातं यांचं," ते म्हणाले, "मी फर्निचरचा." मी पायाकडे बघत राहिलो. प्लास्टरच्या. त्यावर कुणाचा तरी डबा होता.

निकाल असा लागला की एका महिन्याच्या आत पूर्ण नमुना, नग एक, डोक्यासकट, बाटलीत दिसला पाहिजे. न दिसल्यास नमुनारक्षक या जागेची गरज आहे का, याचा कॉलेजने विचार करावा. दादा, बाजारात हा माल मिळत नाही. शहरातल्या दवाखान्यांत चौकशी केली. ज्यांना होतो ते सांगत नाहीत, आणि जे सांगतात ते तो गोळी खाऊन घरच्या घरी घालवतात आणि पाणी ओतून मोकळे होतात. एका डॉक्टरने मला वेडा ठरवलं. आणि मग मला तू आठवलास.

तू मागे आला होतास तेव्हाची गोष्ट. जेवणं झाल्यावर तू खिशातून काडेपेटी काढलीस, उघडून माझ्यापुढे ठेवलीस. आत काडी नव्हती, एक पांढरा चपटा तुकडा होता, नखाएवढा, अजून किंचित हलणारा. तू म्हणालास, दोन वर्षं झाली, सकाळचे असे तीन-चार सापडतात, तुझ्या दुकानात भाव काय? वहिनी उठून आत गेल्या. मी गोळी घे म्हटलं. तू म्हणालास, भूक मस्त लागते, वजन वाढत नाही, लोक यासाठी पैसे मोजतात. आणि आपण दोघं हसलो.

तर दादा, तुझ्याकडे जो आहे तो मला पाहिजे. वाण उत्तम असणार याची खात्री आहे, कारण त्याची पैदास तुझ्या डोळ्यांसमोर झाली. तू डुकराचा खिमा मळतोस आणि कच्चाच जिभेवर ठेवून मीठ बघतोस. तेवीस वर्षांत तुझं मीठ चुकलं नाही, हे मी चारचौघांत अभिमानाने सांगत आलो. आता तेच वाक्य आमच्या बाईंना सांगितलं (बाई म्हणजे आमच्या विभागप्रमुख), तर त्यांनी चष्मा काढून ठेवला. काम सोपं आहे. इथे यायचं. बाई गोळी देतील. पुढचं सगळं मी पाहीन. बावीस वर्षांचा अनुभव आहे, लाजायचं कारण नाही. डोकं निघालं की नाही ते मी चाळणीवर भिंग घेऊन तपासणार. बाटली क्रमांक एकवर नवी चिठ्ठी लागेल. देणगीदार म्हणून तुझं नाव हवं असेल तर तेही घालू, नको असेल तर 'एक हितचिंतक'. आपल्या घराण्यातलं कुणी आजवर संग्रहालयात गेलेलं नाही.

तू नाही म्हणणार नाहीस. तू स्वतःसाठी काडी हलवत नाहीस, पण कुणाचं काम अडलं म्हटलं की चपला घालतोस. माझ्या पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला तू स्वतःचे बूट मला दिलेस आणि दिवसभर ओट्यापुढे अनवाणी उभा राहिलास. ही नोकरीही त्याच बुटांनी मिळाली आहे. ती तुझ्या हातात आहे, म्हणजे पोटात. वाट बघतो.

तुझा,
बाटल्या घासणारा

ता. क. गोळी तिथल्या दुकानातून आणून खाऊ नकोस. स्वस्तात काम होईल असं तुला वाटेल, पण डोकं मिळणार नाही. शिवाय आधी तुझ्या डोक्याचा फोटो काढायचा आहे. तुझ्या, जंताच्या नव्हे. का, ते बाई सांगतील. तोवर एक कर: करंगळीचं ते लांब नख काप. आणि हात धुणं म्हणजे नळाला हात दाखवणं नव्हे. साबण लागतो. साठ मुलांची काकडी तू हाताने कापतोस. काकडी शिजत नाही.

ता. क. दुसरा. माझी नोकरी जाणार हे खोटं आहे. तीळ खरा, कमिटीतल्या बाईंचा प्रश्न खरा, पण कमिटीने फक्त 'सुधारणेस वाव' असं लिहिलं आणि चहा पिऊन गेली. महिन्याची मुदत मी घातली. माझी नोकरी म्हटल्यावर तू येशील म्हणून घातली. आता इथवर वाचलं आहेस तर पुढचंही वाच, पिठाचा डबा लांब आहे.

तो तुटक बाण. जंताची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. ज्याच्या पोटात जंत आहे त्याच्या बोटांवर, नखाखाली ती राहतात. ती दुसऱ्याच्या तोंडात गेली तर त्याच्या पोटात जंत होत नाही. त्यांतून निघालेली पिल्लं रक्तातून जातात आणि जिथे थांबतील तिथे गाठ करतात. दंडात, डोळ्यात. डोक्यात थांबली तर माणूस एखाद्या दिवशी उभ्याउभ्या पडतो, हातपाय आखडतात, डोळे वर जातात. त्याने आयुष्यात मांस खाल्लेलं नसलं तरी. वहिनी खात नाहीत, चिमणीही खात नाही. जंत बाळगणाऱ्याच्या हातचं खाल्लं, एवढं पुरतं.

चिमणी वर्गात फळ्यापुढे पडली, हे मला वहिनींनी मागच्या सोमवारी सांगितलं. तू तिला नाश्ता न करता गेली म्हणून रागावलास, असंही सांगितलं. आणि आता ती शाळेत जाण्यापूर्वी तू स्वतः तिला समोर बसवून घास भरवतोस. दादा, ते बंद कर. वहिनी भरवतील.

त्या सोमवारी मी टेबलाचा खण उघडला. तुझी काडेपेटी तिथेच होती, सहा आठवडे. तुकडा वाळला होता. भिजवून काचेवर घेतला. आतल्या नळीच्या फांद्या मोजतात, त्यावरून गाईचा की डुकराचा ते कळतं. तेरापेक्षा कमी म्हणजे डुकराचा. मी तीनदा मोजल्या. नऊ. बाईंनीही मोजल्या. हे काम सहा आठवड्यांपूर्वी दहा मिनिटांचं होतं. मी तेव्हा हसत होतो.

बाई म्हणतात, खात्री नाही, चिमणीच्या डोक्याचा फोटो काढल्याशिवाय काही म्हणता येत नाही. म्हणतात, गाठ निघालीच तर औषध आहे, काही महिने घ्यावं लागतं, बहुतेक मुलं बरी होतात. त्या उगाच धीर देणाऱ्यांतल्या नाहीत. विद्यार्थी रडवण्याबद्दल प्रसिद्ध आहेत. तेव्हा चिमणीला घेऊन ये. वहिनींनाही. तुम्हा तिघांना झोपायला जागा आहे, मी वर्गात बाकावर झोपेन.

ता. क. तिसरा. स्वतःला दोष द्यायला बसू नकोस. तुला ते जमत नाही आणि कढई करपेल. मला लहानपणी तू भरवलंस तेव्हा तुझ्या पोटात काही नव्हतं, हे मी नीट आठवून पाहिलं आहे. माझं डोकं शाबूत आहे. हेडक्लार्कचं मत वेगळं आहे.

सकाळ. पावणेसातला वहिनींचा फोन आला. चिमणी उठता उठता अंथरुणातच आखडली, दोन मिनिटं. आता शुद्धीवर आहे, दूध मागते आहे. मग तू फोनवर आलास. 'ठेव' म्हणाला नाहीस. येशील का, असं विचारलंस. सव्वाआठच्या गाडीत जागा मिळाली आहे. पत्र टपालात टाकलं नाही, बरोबर आणतो आहे. एक रिकामी बाटलीही आणतो आहे.